मूल कोणाकडे राहणार? कौटुंबिक न्यायालय हे कसं ठरवतं

नवरा-बायकोचं बिनसलं, दोघं वेगळे राहू लागले आणि मुलाचा प्रश्न कोर्टात गेला, की बहुतेक आईवडील एकच तयारी करून जातात: समोरचा माणूस किती वाईट आहे हे सिद्ध करायची. फोनमधले मेसेज, बँकेची स्टेटमेंट, सासरचे काय काय बोलले याची जंत्री, कोणी कोणाला कोणत्या रात्री घराबाहेर काढलं याचा हिशेब. यातलं बरंचसं खरंही असतं. पण मुलाच्या ताब्याच्या अर्जात न्यायाधीशांपुढचा प्रश्न वेगळा असतो. संसार कोणामुळे मोडला हे त्यांना इथं ठरवायचं नसतं. हे मूल उद्या सकाळी कोणत्या घरात उठणार, त्याचा डबा कोण भरणार, ताप आला तर रात्री कोण जागणार आणि ज्या पालकाकडे ते राहणार नाही त्याच्याशी त्याचं नातं कसं टिकणार, हे ठरवायचं असतं.

हा फरक वेळेत कळला नाही तर काय होतं? अर्जाच्या पन्नास पानांत मुलाबद्दल जेमतेम दोन परिच्छेद असतात. त्यातही ‘मुलाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ असली वाक्यं. मग उलटतपासणीत समोरचे वकील साधे प्रश्न विचारतात. मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? तिला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? शाळेच्या रिक्षाकाकांचा नंबर तुमच्याकडे आहे का? मागच्या पालकसभेला कोण गेलं होतं? या प्रश्नांना सहज उत्तर देणारा माणूस आणि अडखळणारा माणूस यांतला फरक न्यायाधीशांना लगेच दिसतो, मग कागदावर आरोप कितीही असोत.

कायद्याचा पाया

दोन जुने कायदे इथं महत्त्वाचे आहेत. पहिला 1890 चा, पालक आणि पाल्य कायदा. तो सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू होतो. दुसरा 1956 चा, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा. पहिल्याच्या कलम 17 मध्ये न्यायालयानं काय पाहायचं ते दिलं आहे: मुलाचं वय, मुलगा की मुलगी, धर्म, मूल मागणाऱ्याचं वागणं आणि कुवत, त्याचं मुलाशी असलेलं नातं आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची स्वतःची इच्छा. दुसऱ्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित ही सर्वोच्च बाब आहे, बाकी सगळं त्यानंतर. मुलं ही आईवडिलांची मालमत्ता नाहीत आणि त्यांची खेळणीही नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये एका निकालात म्हटलं होतं. पन्नास वर्षांनंतरही हा निकाल ताब्याच्या खटल्यांत उद्धृत होतो.

घटस्फोटाचा अर्ज आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्याच अर्जात मुलाच्या ताब्याचा, शिक्षणाचा आणि खर्चाचा हुकूम मागता येतो. विशेष विवाह कायद्यानं लग्न झालं असेल तर कलम 38. ख्रिस्ती आणि पारशी विवाह कायद्यांतही अशीच सोय आहे. मुस्लिम कायद्यात, हनफी मतानुसार, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईकडे असतो. पण तिथंही अर्ज 1890 च्या कायद्याखाली येतो आणि न्यायालय मुलाचं हित पाहतंच.

पालकत्व, ताबा आणि भेट या तीन गोष्टींत लोकांची गल्लत होते. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीनं निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार: बँकेत खातं, मालमत्ता, सह्या. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहतं. आणि दुसऱ्या पालकाला मूल कधी, कुठं, किती वेळ भेटेल, त्याला कोर्टात सगळे ‘ॲक्सेस’ म्हणतात. ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. ही एक गोष्ट नीट कळली तरी निम्मी भीती कमी होते, कारण बहुतेक जण ‘ताबा गेला म्हणजे मूल गेलं’ या धास्तीनंच लढत असतात.

दोन गैरसमज, दोन्ही बाजूंचे

आईच्या बाजूचा गैरसमज असा, की पाच वर्षांखालचं मूल काहीही झालं तरी आईलाच मिळतं. वडिलांच्या बाजूचा असा, की हिंदू कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक, म्हणून पाच वर्षं झाली की मूल त्याचं.

1956 च्या कायद्याचं कलम 6 म्हणतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. म्हणजे हा कल आहे, पक्की हमी नाही. पण कल भक्कम आहे. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की एवढ्या लहान मुलाचा ताबा आईकडे नको असं म्हणणं असेल तर आईकडे राहून मुलाचं नुकसान होईल हे वडिलांनी दाखवलं पाहिजे. आपण लायक आहोत हे सिद्ध करायचं ओझं आईवर टाकता येणार नाही. मूल अंगावर पितं, आजारी पडलं की आईलाच बिलगतं, हे वास्तव त्यामागं आहे. पण आई गंभीर व्यसनात असेल, किंवा मूल तान्हेपणापासून वडील आणि आजीकडेच वाढलं असेल, तर चित्र बदलतं.

नैसर्गिक पालकाबद्दलचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्येच दिलं. मुलाच्या सांभाळात वडील लक्ष घालत नसतील, दूर राहत असतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक होऊ शकते. शिवाय नैसर्गिक पालक असणं म्हणजे ताब्याचा आपोआप हक्क नव्हे. पाच वर्षांचा वाढदिवस झाला म्हणून कुठलंही न्यायालय मुलाचं दप्तर उचलून दुसऱ्या घरी पाठवत नाही.

एक तिसरी समजूतही आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त खटकते: ज्याचा पगार जास्त त्याला मूल. कमावत्या पालकानं खर्च द्यायचा असतो, म्हणजे मग कमी कमावणाऱ्याकडेही मूल नीट वाढू शकतं. कित्येक बायका ‘माझं उत्पन्न नाही, मला कोण मूल देणार’ म्हणून घरातला अत्याचार सोसत राहतात. उत्पन्न नसणं हे एकट्यानं ताबा नाकारायचं कारण होत नाही. दुसरं लग्न केल्यानंही हक्क बुडत नाही. सावत्र नात्यात मूल कसं राहतंय तेवढं पाहिलं जातं.

अर्ज कुठं करायचा

मूल जिथं नेहमी राहतं, त्या ठिकाणच्या न्यायालयात. महाराष्ट्रात 1984 च्या कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयं 1989 पासून सुरू झाली, पुण्यात आणि मुंबईत. मग नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर अशी ती वाढत गेली. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं जिल्हा न्यायालयात अर्ज जातो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली केस चालू असेल तर त्याच दंडाधिकाऱ्यांकडे कलम 21 खाली तात्पुरता ताबा मागता येतो. भेटीनं मुलाला इजा होईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेट नाकारूही शकतात.

‘नेहमी राहतं’ यावरून मोठी भांडणं होतात. मूल तीन वर्षं ठाण्यात शाळेत जात असेल आणि एका पालकानं सुट्टीच्या नावाखाली त्याला सोलापूरला नेऊन तिथल्या शाळेत घातलं, तर तेवढ्यानं ते सोलापूरचं होत नाही. न्यायालय शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या नोंदी पाहतं. असं गुपचूप नेणं पुढं अंगाशीही येतं, कारण मुलाला त्याच्या सवयीच्या जागेवरून उपटलं हा मुद्दा नेणाऱ्याच्या विरोधात जातो.

पोलीस ठाण्यात जाऊन ‘नवऱ्यानं मूल पळवलं’ अशी तक्रार द्यायला अनेक जणी जातात आणि रिकाम्या हातानं परततात. मुलाला नेऊ नये असा न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांवर अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2023 मध्ये एका प्रकरणात म्हटलं. म्हणून अशा वेळी पोलीस ठाण्याच्या चकरा मारत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात न्यायालयात तातडीचा अर्ज देणं फार महत्त्वाचं. दिवस जातात तसं मूल नव्या जागी रुळतं, आणि रुळलेल्या मुलाला हलवायला न्यायालय कचरतं.

पहिली तारीख, समुपदेशक आणि अंतरिम हुकूम

कौटुंबिक न्यायालयाचं काम दिवाणी कोर्टापेक्षा वेगळं चालतं. कायद्यानं तिथं वकील लावण्याचा आपोआप हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. प्रत्यक्षात ती बहुतेकदा मिळते. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. आणि खटला चालवण्याआधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. म्हणून नोटीस लागून दोघं हजर झाले, की प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जातं.

समुपदेशकाच्या खोलीबद्दल लोकांना उगाच धाक असतो. तिथं ‘नांदायला जा’ असा दबाव येईल असं बायकांना वाटतं, आणि ‘बाईंचंच ऐकतील’ असं पुरुषांना. मुलांच्या प्रकरणात समुपदेशकाचं खरं काम पुढचं असतं: दोघांशी वेगवेगळं बोलणं, मुलाशी बोलणं, न्यायाधीशांनी सांगितलं तर घरी जाऊन पाहणं आणि अहवाल देणं. समेटाच्या बोलण्यात जे बाहेर येतं ते गोपनीय राहतं, म्हणून तिथं मोकळं बोलायला हरकत नाही. मूल कुठं झोपतं, अभ्यासाला जागा आहे का, घरात आणखी कोण आहे, आजीचं आणि मुलाचं कसं जमतं, असल्या गोष्टी घरभेटीत कळतात. घर वन बीएचके आहे म्हणून कोणी नापास होत नाही.

त्यानंतरचा टप्पा माझ्या मते सगळ्यांत निर्णायक, आणि लोक नेमकं तिथंच ढिलं पडतात. तो म्हणजे अंतरिम अर्ज. मुख्य खटल्याला साक्षीपुरावे, उलटतपासण्या, तारखांवर तारखा असं करत काही वर्षं सहज लागतात. तोपर्यंत मूल कोणाकडे राहील आणि दुसऱ्याला कसं भेटेल, याचा तात्पुरता हुकूम आधी होतो. नाव तात्पुरता, पण चार वर्षांचं मूल त्या तात्पुरत्या व्यवस्थेतच पहिलीत जातं, वाचायला शिकतं, मित्र जोडतं. निकालाच्या वेळी न्यायाधीश पाहतात की मूल स्थिर आहे, मग कशाला हलवायचं? म्हणून ‘आत्ता राहू दे त्यांच्याकडे, नंतर केस जिंकून घेऊ’ हा हिशेब चुकतो. आणि भेट मिळूनही दोन-दोन महिने न जाणाऱ्या पालकाचं नुकसान तर कुठल्याही युक्तिवादानं भरून निघत नाही, कारण हजेरीची नोंद कागदावर असते.

आपण अर्जात काय लिहायचं, तर मुलाचा दिवस. सकाळी किती वाजता उठतं, शाळा कोणती, कोण आणतं, संध्याकाळी कोणाकडे असतं, आपण कामावर असताना कोण सांभाळतं, कोणता विषय जड जातो, डॉक्टर कोण. आणि दुसऱ्या पालकाला मूल कसं भेटवणार हेही. ज्याच्या अर्जात समोरच्या पालकाला मुलाच्या आयुष्यात जागा दिलेली असते, त्याच्यावर न्यायालयाचा विश्वास चटकन बसतो.

मुलाशी न्यायाधीश कसं बोलतात

‘मुलाला कोर्टात उभं करणार का?’ ही प्रत्येक आईवडिलांची काळजी. मुलाला पिंजऱ्यात उभं करून सहसा विचारत नाहीत. न्यायाधीश त्याला आपल्या चेंबरमध्ये बोलावतात, आईवडील आणि वकील बाहेर थांबतात. गप्पा शाळेपासून सुरू होतात: कोणता सर आवडतो, शेजारी कोण बसतं, रविवारी काय केलंस. मग हळूच घराकडे वळतात. ‘आई पाहिजे की बाबा’ असं सहसा थेट विचारत नाहीत, आणि विचारूही नये. आठ वर्षांच्या पोरावर असली निवड लादणं हा अन्यायच आहे.

मुलाच्या इच्छेला वजन किती? वयाप्रमाणे आणि समजेप्रमाणे. बारा-तेरा वर्षांची मुलगी कारणांसकट सांगते तेव्हा ते फार गांभीर्यानं घेतलं जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं म्हणणं ऐकतात, पण त्याला पढवलंय का हेही पाहतात. पढवलेलं मूल ओळखू येतं. सात वर्षांचा मुलगा ‘बाबांनी आमच्या उदरनिर्वाहाची व्यवस्था केली नाही’ असं म्हणाला, तर ते वाक्य कुठून आलं हे सांगायला समुपदेशक लागत नाही.

एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या एका निकालात ठळकपणे मांडली आहे. तेव्हापासून हा आरोप सर्रास होतो. इथं मला एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मूल भेटायला घाबरतं त्याचं कारण दर वेळी पढवणं नसतं. घरात मारहाण पाहिलेलं मूल स्वतःच घाबरतं. आईवर हात उगारला जाताना मुलानं पाहिलं असेल, तर तो ‘नवरा-बायकोमधला वाद’ राहत नाही, मुलाच्या हिताचाच भाग होतो. अशा वेळी न्यायालयाला तारखा, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांचं म्हणणं नीट दाखवा. भेट पूर्ण थांबवण्याऐवजी कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवा, अशी मागणीही करता येते, आणि न्यायालय ती बऱ्याचदा मान्य करतं.

भेटीचं वेळापत्रक

सुरुवातीची भेट अनेकदा न्यायालयातच होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळा कक्ष आहे, इतरही ठिकाणी अशा खोल्या आहेत. सहा महिन्यांनी मुलाला भेटणारा बाप तिथं खेळण्याची मोठी पिशवी घेऊन येतो. तोवर ती खेळणी मुलाला लहान झालेली असतात. पोरगं आधी पाठ फिरवतं. तासाभरानं दोघं एका चित्रात रंग भरत बसतात. घाई केली नाही की हे होतं, आणि हे झालं की न्यायालय भेटी बाहेर, मग मुक्कामाच्या, अशा वाढवत नेतं.

नीट बांधलेला हुकूम कसा असतो ते पाहू. समजा मुलगी तिसरीत आहे, आईकडे कोथरूडला राहते, वडील पिंपरीत. हुकूमात असं येऊ शकतं: पहिला आणि तिसरा शनिवार सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलगी वडिलांकडे; नेणं-आणणं वडिलांनी करायचं आणि मुलगी आईच्या सोसायटीच्या गेटवर सोपवायची; मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल; दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे दोन सारखे भाग; गणपतीचा पहिला दिवस एक वर्ष इकडे, पुढच्या वर्षी तिकडे; वाढदिवसाला दुसऱ्या पालकाला दोन तास; शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांना मुभा; प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना; मुलगी आजारी पडली तर त्याच दिवशी कळवायचं आणि चुकलेली भेट पुढच्या आठवड्यात भरून द्यायची; परदेशी नेण्याआधी न्यायालयाची परवानगी.

इतकं बारीक लिहिलेलं वाचताना रुक्ष वाटतं. पण ‘वडिलांना वाजवी भेट मिळावी’ एवढंच लिहिलेल्या हुकूमावर पुढं जन्मभर भांडता येतं. सहमतीनं घटस्फोट घेतानाही लोक पैशांच्या कलमांवर चार बैठका घेतात आणि मुलाच्या भेटीवर चार ओळी खरडतात. ते उलटं करा. व्हिडिओ कॉलचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये आवर्जून सांगितलं: मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथं बोलण्याचा तरी संपर्क राहिला पाहिजे.

दोघांकडे सामायिक ताब्याचाही पर्याय कायद्यात असावा, अशी शिफारस विधी आयोगानं 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात केली होती. तसा कायदा अजून झालेला नाही. पण दोघांनी मिळून तसं ठरवलं तर न्यायालयं ते मंजूर करतात. घरं जवळ असतील आणि बोलणं होत असेल तर ते चालतं. एक ठाण्यात आणि एक लातुरात असेल तर शाळकरी मुलाचे हाल होतात.

पोटगी आणि भेट वेगळी

‘पैसे देत नाही तर मूल भेटवणार नाही’ आणि ‘मूल भेटवत नाही तर पैसे देणार नाही’ ही दोन वाक्यं रोज ऐकू येतात. दोन्ही कायद्यात बसत नाहीत. मुलाचा खर्च मागण्याचे मार्ग वेगळे आहेत: घटस्फोटाच्या अर्जात, हिंसाचाराच्या कायद्याखाली, किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पूर्वीच्या कलम 125 खाली, जे 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. खटला चालू असताना मुलाच्या शिक्षणाचा आणि खर्चाचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त लागतात, पण वकिलांनी ही तरतूद दाखवून लवकर तारीख मागावी. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्जं ठरावीक नमुन्यातल्या शपथपत्रावर सांगायची असं बंधन घातलं. पगार लपवणं त्यामुळं बरंच अवघड झालं आहे.

हुकूम असूनही कोणी मूल भेटवत नसेल तर त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करायचा, प्रत्येक चुकलेल्या भेटीची तारीख लिहून. वारंवार हुकूम मोडणाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि ताब्याचाच फेरविचार होऊ शकतो. गेटवर तमाशा, मोबाईलवर चित्रीकरण, बरोबर दहा नातेवाईक नेणं, यातून काहीही मिळत नाही आणि मूल तेवढं बघत उभं राहतं.

आईवडिलांपैकी एकच उरलं तर

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेलं महाराष्ट्रातलं एक प्रकरण या बाबतीत सांगण्यासारखं आहे. आई कर्करोगानं गेली. तिच्या आजारपणात बाळ मावशांकडे होतं, त्यांनी ते जीव लावून सांभाळलं. वडिलांनी मूल मागितलं तेव्हा त्यांनी नकार दिला. वडिलांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज केला, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढं हजर करा असा अर्ज. सर्वोच्च न्यायालयानं मूल वडिलांकडेच सोपवायला सांगितलं, पण एका दिवसात तोडून नव्हे: बाळाला सवय होईपर्यंत मावशांनी वडिलांच्या घरी येऊन त्याच्याबरोबर राहावं आणि पुढं शनिवार-रविवारी भेटावं, अशी सोय करून दिली. हेबियस कॉर्पसचा मार्ग अशा वेळी असतो. आई आणि वडील दोघंही हयात असताना मात्र उच्च न्यायालय बहुधा सविस्तर चौकशीसाठी खालच्या न्यायालयात पाठवतं.

परदेशातून आलेली भांडणं

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये संसार मोडतो, आई मुलांना घेऊन पुण्याला माहेरी येते, आणि तिकडच्या न्यायालयाचा मूल परत आणण्याचा हुकूम मागोमाग येतो. अशी प्रकरणं मराठी घरांतही आता नवी नाहीत. मुलं बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारावर भारतानं सही केलेली नाही. त्यामुळं परदेशी हुकूम इथं यंत्रासारखा अमलात येत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तो विचारात घेण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, शेवटी हित मुलाचंच पाहायचं. याचा अर्थ भारतात आलं की सुटलो असाही नाही: 2019 मध्ये त्याच न्यायालयानं अमेरिकेत जन्मलेल्या दोन मुलांना परत पाठवायला सांगितलं. मूल इथं येऊन किती दिवस झाले, किती रुळलं, आणि दुसरा पालक किती तत्परतेनं न्यायालयात आला, यावर बरंच अवलंबून असतं.

कायदेशीर मार्गानं परदेशी जाणं मात्र शक्य आहे. 2010 च्या एका प्रकरणात आईला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. घटस्फोटाच्या वेळच्या समझोत्यात भेटीची व्यवस्था भारतातली होती. न्यायमूर्तींनी मुलाशी चेंबरमध्ये बोलून, वडिलांच्या भेटीची नवी सोय लावून, त्याला आईबरोबर जाऊ दिलं. त्याच निकालात न्यायालयानं सांगितलं की ताब्याचे हुकूम कधीच कायमचे गोठलेले नसतात. मूल वाढतं, नोकऱ्या बदलतात, आजी थकते, आणि परिस्थिती खरोखर बदलली की हुकूम बदलून मागता येतो. तो अर्ज त्याच न्यायालयात करायचा असतो, आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती वाट उघडी राहते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, पुरुषांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 वर फोन करूनही माहिती मिळते. पहिल्यांदा जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, लग्नाचा दाखला, दवाखान्याची फाईल आणि आतापर्यंत झालेल्या कुठल्याही हुकूमाची प्रत सोबत न्या. मुलाला नेऊ नका, पहिल्या दिवशी त्याची तिथं गरज नसते.